पापड आणि पाणी

मंदे, लग्न होऊन मी गाव सोडलं तेव्हा एसटीच्या खिडकीशी उभं राहून आईने एवढंच सांगितलं होतं, "आता आमी लांब पडलो. शेजार धरून राहा गो." तू तिच्या पदरामागे भोकाड पसरलं होतंस.

उल्हासनगरच्या बॅरेकमध्ये शेजार मिळाला तो ईश्वरी आंटीचा. सिंधी बाई, विधवा, आवाज खणखणीत. पहिल्या दिवशी तिने मला खाटेवर बसवून भाजलेला पापड आणि पाणी पुढे केलं. दुसऱ्या दिवशी गेले तर पापड नाही, पाणीही नाही. मी खट्टू झाले. काय चुकलं म्हणून झुरत बसले, तिच्या दाराकडे फिरकलेच नाही. शेवटी तीच येऊन ओरडली, "पापड़ मेहमान को देते हैं, पगली! तू मेहमान है क्या? प्यास लगी तो मटका उधर है."

जीन्सची शिलाई तिनेच शिकवली. ते जाड कापड मी ओढायची आणि सुया मोडायची. ती माझ्या हातांवर हात ठेवून म्हणायची, "खींच मत, जाने दे." आई गेली आणि मला वेळेवर पोचता आलं नाही, तेव्हा मी तिच्याच मांडीवर डोकं ठेवून रडले. घसा सुकला तसं उठून तिच्या माठातलं पाणी प्यायले.

मग बदलापूरला फ्लॅट घेतला. सामानाचा टेम्पो निघाला तेव्हा ती बाहेर आली नाही. इथे लिफ्ट आहे, चोवीस तास पाणी आहे, पण समोरच्या दारामागे कोण राहतं ते अजून ठाऊक नाही. मध्ये एकच स्टेशन, अंबरनाथ, म्हणून मी तिच्याकडे जात राहिले. गेलं की आधी माठाशी.

गेल्या महिन्यात आंटी गेली. अंत्यदर्शनाच्या गर्दीत कुणाशी बोलणं झालं नाही, म्हणून बारावं उरकल्यावर एका दुपारी पुन्हा गेले. दार तिच्या सुनेने उघडलं. इंदूरला राहणारी, मला न ओळखणारी. बिचारी फार अदबीने वागली. मी सवयीने माठाकडे वळले तर म्हणाली, "अरे, आप क्यों तकलीफ़ करती हैं? बैठिए ना."

आणि तिने माझ्यापुढे पापड आणि पाणी आणून ठेवलं.

पापडाचा तुकडा मोडला आणि मला रडू फुटलं. तिला वाटलं, सासूच्या आठवणीने रडतेय.

मंदे, रागावू नकोस. आई गेली तेव्हा माहेर तुटलं असं आपण दोघी म्हणालो होतो. माझं ते त्या दुपारी तुटलं.