ओल्या फडक्याचा आळ

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. एकदोनदा जेवताना अगदी ओठावर आलं होतं — तेव्हा मी भाजीत मीठ कमी आहे असं म्हणालो. मीठ बरोबर होतं. तुम्ही काही माझ्या दुकानात येणार नाही, म्हणून तुमच्याजवळ बोलतो.

मंठ्यात माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे, झेरॉक्सही काढून देतो. शेजारी जब्बारभाईंचं पंक्चरचं. आमच्या धंद्याचं एक सांगतो. लोकांना वाटतं, दुरुस्तीवाल्याचा हात चांगला पाहिजे. पण हात बघतो कोण? डबा उघडला की आत काय आहे ते गिऱ्हाइकाला कुठं कळतं? आमचं तोंड चालतं. मी म्हटलं रॅम गेली, की रॅम गेली. माझ्या शब्दाची फेरतपासणी करणारा या गावात कोणी नाही. हे जरा ध्यानात ठेवा.

साळवे सरांनी मला सातवीत गणित शिकवलं. आता निवृत्त आहेत, मंठ्यातच घर बांधलंय. त्यांच्या मुलीनं पुण्यात नोकरी लागल्यावर तिचा कॉम्प्युटर घरी सोडला. डिझाइनचा कोर्स केला होता तिनं, म्हणून त्यात वेगळं ग्राफिक्स कार्ड होतं — पडद्यावर चित्रं भराभर पळवायची असतील तर ते लागतं. साधं टायपिंग त्याच्याशिवायही होतं, गेम होत नाही.

आणि सरांच्या घरी गेम चालायची. हसू नका. बस चालवायची गेम, आणि ड्रायव्हर कोण — तर काकू. सरांच्या मिसेस. त्यांनी उभ्या आयुष्यात सायकलीला हात लावला नव्हता. रोज दुपारी चार वाजता चहा झाला की त्या चष्मा पुसून बसायच्या, सर शेजारी खुर्ची ओढून कंडक्टर व्हायचे. मंठा, वाटूर फाटा, जालना. पडद्यावर परदेशातला घाट दिसतोय आणि सर ओरडतायत, "वाटूर उतरा, वाटूर!" डबल बेल तोंडानंच. मी एकदा हे डोळ्यांनी पाहिलंय. वळणावर काकू स्वतःच अंग वाकवायच्या. त्या घरात मी कधी एवढं हसलो नव्हतो.

चार वर्षं झाली. पावसाळ्याचे दिवस होते. सर कॉम्प्युटर घेऊन आले — चालतो चांगला, पण तापतो आणि आवाज करतो. उघडून बघितलं तर पंख्यात धूळ आणि जिनिंग मिलकडून उडत येणारी कापसाची तूस दाटून बसलेली. आमच्याकडे हे नेहमीचं. आणि त्यावरचा इलाजही नेहमीचा — डबा उचलायचा, जब्बारभाईंकडे न्यायचा, आणि टायरात हवा भरायच्या कंप्रेसरनं आतून झाडून काढायचा. धूळ साफ होते, गिऱ्हाईक खूश. फक्त कंप्रेसरच्या टाकीत पाणी साचतं, दमट दिवसांत जास्तच. ते सकाळी खालून सोडून द्यावं लागतं, नाहीतर हवेबरोबर पाण्याचे शिंतोडे येतात.

जब्बारभाई ओरडले होते. "रुको भाई, टंकी का पानी नै निकाला आज." मी ऐकलं. मी एक मिनिटाचं काम म्हणालो आणि नळी लावली. शिंतोडे उडाले. कार्डावर उडालेले मी बघितले. शर्टाच्या टोकानं पुसले, आणि वाळायला ठेवायचं सोडून लगेच बटण दाबलं. का? दुसरं गिऱ्हाईक उभं होतं, एवढंच. चट् असा आवाज झाला आणि जळका वास आला. बाकी मशीन वाचलं, कार्ड गेलं.

आता इथवर ही चूक आहे. चुका होतात. माझा गुन्हा पुढचा आहे.

संध्याकाळी सर आणि काकू दोघं आले. काकूंना भाजी घ्यायची होती म्हणून त्या बरोबर होत्या. मी जळलेलं कार्ड त्यांच्यापुढे ठेवलं. त्यावर पाण्याचा डाग होता — माझ्याच पाण्याचा. मला ठाऊक होतं की काकू कॉम्प्युटर रोज ओल्या फडक्यानं पुसतात. भिंतीवरच्या बुद्धांच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरी पुसून झाल्या की त्याच हातानं कॉम्प्युटर. त्या घरात त्याचा तेवढा मान होता. हे मला ठाऊक होतं, बरं का. ठाऊक असतानाच मी विचारलं, "सर, घरी यात पाणीबिणी गेलं का?"

बघा, मी खोटं बोललो नाही. मी फक्त विचारलं. पुढचं काम सरांनी केलं.

"शंभरदा सांगितलं तुला, वल्या फडक्यानं पुसू नको म्हणून. आता झालं ना समाधान?"

"म्या तर चांगलं पिळून घेतल्तं हो," काकू म्हणाल्या. त्या सरांकडे बघत नव्हत्या. माझ्याकडे बघत होत्या. मी सांगावं म्हणून. मी मशीनवाला, मी म्हणालो असतो की एवढ्यानं काही होत नाही, तर सर तिथंच गप्प झाले असते. मी स्क्रू मोजत बसलो.

का नाही बोललो? भीती म्हणाल, तर सरांनी मला काय फाशी दिली असती? सर चारचौघांत सांगायचे — माझा विद्यार्थी आहे, इंजिनिअरला मागं सारेल. ते मला सोडवत नव्हतं. एवढ्याशा कौतुकासाठी मी माझी चूक त्या बाईच्या पदरात टाकली.

मग नवं कार्ड निवडताना मी जो काटेकोरपणा केला, त्याची मला जास्त लाज वाटते. जालन्याला स्वतः गेलो. सरांचा पॉवर सप्लाय जुना, म्हणून वेगळी वायर न लागणारं कार्ड पाहिजे. मॉनिटरची पिन जुनी निळी, म्हणून कन्व्हर्टर पाहिजे. एकाच नावाची दोन स्वस्त कार्डं येतात, एकात मेमरी मंद असते आणि खोक्यावर ते बारीक अक्षरात लिहितात — ते मी चष्मा लावून वाचलं. दुकानदार त्याच किमतीत जुनं मोठं कार्ड देत होता. ते आधीच कुणीतरी रात्रंदिवस पिळून काढलेलं असतं, म्हणून नाही घेतलं. दोन वयस्कर माणसांच्या बसला पुरेल एवढंच, थंड चालणारं, हमीचं कार्ड आणलं. सरांना सगळं समजावून सांगितलं, त्यांनी डायरीत लिहून घेतलं. एका दिवसात इतकं खरं मी आयुष्यात कधी बोललो नव्हतो. नफा घेतला नाही, पण कार्डाचे पैसे घेतले. सर म्हणाले, "बघ, आजकाल अशी माणसं ऱ्हायली न्हाईत." मी ते ऐकून घेतलं.

कार्ड बसवायला घरी गेलो. गेम झकास चालली, आधीपेक्षा बरी. काकूंनी चहा आणला, तो टेबलावर न ठेवता लांब खिडकीत ठेवला. कॉम्प्युटरवर धूळ होती. सर म्हणाले, "ये, बस. गाडी काढ."

"नगं. माझा हात लागला की इस्कोट व्हतो," काकू म्हणाल्या आणि दारातच उभ्या राहिल्या.

सर हसले. मला वाटलं, काकू दोन दिवसांत बसतील. त्या अजून बसलेल्या नाहीत. सर एकटेच बस चालवतात, तीही हल्ली रोज नाही. मध्ये मुलीनं काकूंना मोबाईल घेऊन दिला तर तो त्यांनी शेजाऱ्यांच्या सुनेकडून लावून घेतला, स्वतः बोट लावलं नाही. मुलगी चिडते — आईला नवं काही शिकायचंच नसतं म्हणते. माझ्यासमोर म्हणाली होती. तेव्हाही मी होतो आणि तेव्हाही माझं तोंड बंद होतं.

काकूंना मी ओळखतो. खरं सांगितलं तर त्या रागावणारसुद्धा नाहीत. हे माहीत असूनही चार वर्षं मी सांगितलेलं नाही, आणि परवाही सांगितलं नाही.

परवा काकू दुकानात आल्या होत्या, सरांच्या पेन्शनच्या कागदाची झेरॉक्स काढायला. पायरीवर थांबल्या. कागद काखेत धरला आणि दोन्ही हात पदरानं पुसले — तळवे, बोटं, बोटांच्या मधली जागा. मग आत येऊन कागद माझ्या हातात दिला. माझ्या दुकानात येताना त्या दर वेळी असं करतात.

हात कोरडेच असतात.