मरियाताईंनी केलेला फोन

मरियाताई चौदा वर्षं नगरच्या दवाखान्यात एचआयव्हीच्या रुग्णांशी बोलण्याचं काम करतात. पद समुपदेशकाचं. पण भिंगारला त्यांच्या गल्लीत कुणी विचारलं, तर त्या ‘दवाखान्यात लिहायचं काम’ एवढंच सांगतात. बाजारात त्या एखाद्याशी दोन शब्द बोलल्या, तर त्याच्याबद्दल कुणी तर्क लढवायला नकोत.

पहिल्या प्रशिक्षणात फळ्यावर एक शब्द लिहिला होता : डिस्क्लोजर. शिकवणाऱ्या बाईंनी मराठीत अर्थ विचारला. कुणी म्हणालं, उघड करणं. कुणी म्हणालं, जाहीर करणं. मरियाताईंना दोन्ही पटेनात. चोरी उघडकीला येते, निकाल जाहीर होतो. त्यांनी वहीत लिहिलं, ‘आपलं दुखणं आपण होऊन, आपल्याला हव्या त्या माणसाला सांगणं. दुसऱ्यानं सांगितलं तर ते फुटणं.’

पंकजा त्यांच्याकडे यायला लागली तेव्हा सहा वर्षांची होती. कर्जत तालुक्यातलं गाव. आईवडील दोघंही गेलेले. नवऱ्यानं टाकलेली आत्या, मनकर्णाबाई, माहेरी राहून तिला सांभाळत होती. घरात चुलता-चुलती होते, पण दुखण्याचं नाव आत्याशिवाय कुणालाच माहीत नव्हतं. पंकजालाही नाही. रोजची गोळी रक्तवाढीची, असं तिला सांगितलेलं. तेरावं लागलं तसं मरियाताई म्हणाल्या, “आता हिला कळायला हवं. दिवाळीच्या सुट्टीत घेऊन या, आपण दोघी मिळून सांगू.”

ऑगस्टमध्ये पंकजाच्या गोळ्यांची तारीख उलटून नऊ दिवस झाले. त्या दिवशी मरियाताईंना असे बावीस फोन करायचे होते. समोर कोण आहे याची खात्री केल्याशिवाय आजाराचा शब्दही काढायचा नाही, हा नियम त्याच नव्या मुलींना शिकवायच्या. पलीकडून बाईचा आवाज आला, “हां, बोला.” आणि त्या बोलून गेल्या, “मनकर्णाबाई, पंकजाच्या एचआयव्हीच्या गोळ्या संपल्या असतील, एक दिवस चुकवून चालत नाही.” पलीकडून आलं, “त्या रानात गेल्यात. मी भावजय बोलते.”

मरियाताईंनी फोन ठेवला. त्या तशाच वरिष्ठ मॅडमकडे गेल्या. मॅडमनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “आता आपण होऊन काही बोलू नका. उद्या गोष्ट फुटली, तर घरातल्या कुणी गोळ्यांचा डबा बघितला असेल, असंही होऊ शकतं.” मरियाताईंनी मान हलवली. त्या हललेल्या मानेची त्यांना पुढे फार लाज वाटली.

आठवड्याने मनकर्णाबाई पंकजाला घेऊन आल्या. पोरगी बाकावर भिंतीकडे तोंड करून बसली. आत्या आत येऊन सांगायला लागल्या.

“भावजयीनं हिचं ताट, तांब्या येगळा केला. शाळंत हिला मागं येगळं बसिवलं, खिचडीच्या वक्ताला पोरी उठून जात्यात. कुणीतरी तिला तोंडावर म्हनलं, तुला एड्स हाय. घरी येऊन मला इचारती, आत्या, खरं का?”

“मग?”

“मी न्हाई म्हनले. काय म्हननार? पन मला ठावं हाय कुनाचं काम ते. गावात दवाखान्याचं काम करनाऱ्या आमच्या आशाताईचं. ती एकदा हितं आमच्यासंगं आल्ती. मी तिच्या दारात जाऊन लई बोलले. तिचा नवरा मधी पडला तवा उठले.”

मरियाताईंना त्या आशाताई आठवल्या. पावसात पंकजाला अंगावरच्या रेनकोटाखाली घेऊन आल्या होत्या. गप्प राहिलं, तर त्या बाईवर हे कायमचं राहणार होतं.

“आशाताईंनी नाही सांगितलं,” त्या म्हणाल्या. “मी सांगितलं. मीच फोन केला होता. भावजयीनं उचलला, मला वाटलं तुम्हीच आहात. मी विचारलं नाही.”

मनकर्णाबाईंनी वर बघितलं. “तुमी?” मग पदर सावरत म्हणाल्या, “सात वर्सं तुमच्याबिगर कुनाला सांगितलं न्हाई म्या.”

त्या दिवशी पंकजाला खरं काय ते सांगितलं गेलं. दिवाळीसाठी ठरवलेलं, चित्रं काढून, हळूहळू, तसं काहीच झालं नाही. मरियाताई आजाराबद्दल बोलल्या, गोळीबद्दल बोलल्या, शेवटी आपल्या चुकीबद्दल बोलल्या. पंकजानं एकच विचारलं, “म्हणजे माझ्याआधी काकूला कळलं?”

“हो.”

पोरगी रडली नाही. उठून बाहेर गेली.

मरियाताईंनी त्याच दुपारी झालेली चूक लेखी दिली. मॅडम चिडल्या, चौकशी बसली, तीन महिने त्यांचं फोनचं काम बंद झालं. रविवारी त्या एकट्या कर्जतच्या एसटीत बसल्या आणि आधी आशाताईंच्या घरी गेल्या. मग दोघी मिळून चुलतीला भेटल्या, मुख्याध्यापकांना भेटल्या. एका ताटात जेवल्यानं काही होत नाही, हे चारचारदा सांगितलं. मुख्याध्यापकांनी वर्गात बसण्याची जागा तरी पूर्ववत केली. चुलतीनं ऐकून घेतलं. ताट मात्र वेगळंच राहिलं. जूनमध्ये मनकर्णाबाईंनी भाचीला नगरला वसतिगृहात घातलं.

आता पंकजा गोळ्यांना एकटी येते, पण बोलायला दुसऱ्या समुपदेशकाकडे बसते. मरियाताईंच्या टेबलासमोरून जाताना मान वर करत नाही. गेल्या महिन्यात मात्र थांबली.

“माझा नंबर बदललाय,” ती म्हणाली.

मरियाताईंनी पेन उचललं.

“लिहू नका. फोन करायचा झाला तर मी करीन.”

“बरं,” मरियाताई म्हणाल्या, आणि पेन खाली ठेवलं.