ताईच्या अंगणाकडे वळवलेली डिश

हौशी रेडिओचा नाद आम्हा बहीणभावाला वाशीमच्या कॉलेजात लागला. परवान्याची परीक्षा सोबतच दिली, परवानेही दोघांचे सोबतच आले. पुढे ताईचं लग्न होऊन ती पोहरादेवीजवळच्या एका गावात गेली. मी आणि आई मानोऱ्याला लागून असलेल्या आमच्या मळ्यात राहिलो. मेथी, वांगी, सांबार म्हणजे कोथिंबीर पिकवायची आणि पहाटे बाजारात न्यायचं.

सुरुवातीला आम्ही हातातल्या वायरलेसवर बोलायचो. आधी आपली कॉल साइन, म्हणजे परवान्यावर मिळालेली अक्षरं-आकडे, सांगायची, मग बोलायचं, शेवटी 'ओव्हर' म्हणायचं. एकाचं संपल्याशिवाय दुसऱ्यानं बोलायचं नाही. आईला ते अजिबात पटायचं नाही. "तिचं ओव्हर होईलोग मी काय तोंड दाबून बसू?" म्हणायची आणि मधेच बोलायची. तिकडे ताईला काहीच ऐकू जायचं नाही.

मग एकदा वाशीमच्या एका इंटरनेटवाल्यानं गच्च्यांवरून उतरवलेले जुने वायफाय रेडिओ भंगारात काढले, जाळीच्या डिशसकट. मी रेडिओ आणि डिश अशा दोन जोड्या उचलल्या. त्यातलं मूळ सॉफ्टवेअर काढून हौशी रेडिओवाले वापरतात ते टाकलं. आता ती यंत्रं कुठल्याही कंपनीशिवाय, फोनच्या टॉवरशिवाय एकमेकांशी बोलणार होती. जोडणीला नाव दिलं आमच्याच कॉल साइनचं. पासवर्ड लावला नाही, कारण या छंदात गुपित चालत नाही. जे बोलायचं ते उघड.

एक डिश आमच्या पाण्याच्या टाकीवर पाइप उभा करून बसवली, दुसरी ताईच्या स्लॅबवर. मधे सागाची टेकडी आडवी येत होती, म्हणून पाइप आणखी वाढवला. मग मी टाकीवर, ताई तिच्या स्लॅबवर, कानाला फोन.

"दिसून राह्यलं का काही?"

"नाही. तू जराशी देवळाच्या कळसाकडे फिरव."

"अरे, कळस माह्या पाठीमागं आहे! काय सांगून राह्यला तू?"

उन्हात आमचं बराच वेळ असंच चाललं. ताई केसभर डिश हलवायची, मी लॅपटॉपकडे बघायचो. कधीतरी पडद्यावर तिची कॉल साइन उमटली. "आलीस," एवढंच मी म्हणालो. नंतर तिनं सांगितलं, तेव्हा तिचे डोळे भरले होते.

दोन्हीकडे कॅमेरे लावले. चित्र अडखळायचं, ताईचा हात आधी दिसायचा आणि बांगड्यांचा आवाज मागून यायचा. पण पैसे पडत नव्हते, म्हणून ठेवायची घाईही नव्हती. परवानेवाला माणूस यंत्राजवळ हवा, एवढा नियम आम्ही पाळायचो. त्यामुळे दुपारी मी बाजारातून आलो की आई हाक मारायची, "लाव रे तिचं घर."

तिचं घर! ती तसंच म्हणायची.

मग आई ओसरीत मेथीच्या जुड्या बांधायची आणि ताई तिकडे अंगणात गहू निवडायची. दोघी तासन्‌तास बोलायच्या नाहीत. ताईच्या शेजारणीची शेळी ओरडायची, कुकरची शिट्टी व्हायची, आणि आई मान वर न करता म्हणायची, "झाली व तुही दाळ." ताई उठून गॅस बंद करायची. मी खाटेवर पडून ते ऐकत असे. लग्न होऊन गेलेली बहीण शेजारच्या घरात राहायला आल्यासारखं वाटायचं.

पोहरादेवीच्या यात्रेत गर्दीनं फोन बंद पडायचे. अशाच एका यात्रेत ताईला पाण्याच्या रांजणाजवळ एक म्हातारी रडताना सापडली. बरोबरची माणसं गर्दीत हरवली होती. तिला फक्त तांड्याचं नाव सांगता येत होतं, आणि तो तांडा आमच्या मळ्यापासून जवळ होता. ताईनं तिला घरी आणून पडद्यासमोर बसवलं. मला म्हणाली, "तू जाऊन सांग त्याइले. मी इथं यंत्रापाशी बसतो." मी मोटारसायकल काढली. इकडे नियम तेवढा बाजूला ठेवून आमची आई तिच्याशी बोलत राहिली. आईला बंजारा बोली येत नव्हती, म्हातारीला आमची अर्धीच समजत होती. तिचा मुलगा तिला न्यायला ताईकडे पोचला, तेव्हा दोघी लुगड्यांच्या रंगावर बोलत होत्या म्हणे. त्या म्हातारीनं जाताना पडद्याला हात लावला आणि कानशिलावर बोटं मोडली.

मग भाऊजींना पुण्यात नोकरी लागली. मुलांच्या शिक्षणासाठी जाणं भागच होतं. तिची डिश उतरवायला मीच गेलो. घरात सामान बांधलेलं होतं. पाना ताईनं माझ्या हातातून घेतला, शेवटचा नट तिनंच सोडवला.

घरी आल्यावर आईनं विचारलं, "पुण्यालोग नाही जात का रे ते?"

"नाही माय. मधी लय डोंगर आहेत. सरळ दिसाले पाहिजे."

"दिसाले पाहिजे," ती म्हणाली आणि जुड्या बांधू लागली.

आता रोज व्हिडिओ कॉल होतो. चित्र स्वच्छ, आवाज स्वच्छ. जेवली का, पोरं कशी आहेत, पाऊस आहे का. मग दोघी गप्प होतात, आणि आई फोन माझ्याकडे देते. एकदा मी विचारलं, "काहून मले देते माय, बोल ना." ती म्हणाली, "फोनात बोलाच लागते. बोलाले काही नसलं, तं काय करू?"

हे मी ताईला सांगितलं. दुसऱ्या दिवशी तिनं फोन लावला आणि म्हणाली, "मी भाजी आणाले चालली. फोन पिशवीत ठेवतो. तुमी आपलं काम करा."

मी फोन आईसमोर ठेवला. लिफ्टचं दार लागलं. नंतर गाड्या, हॉर्न, कुणीतरी हिंदीत भाव सांगत होतं. आई जुडी हातात धरून ऐकत बसली. त्या गोंगाटात ती ताईला शोधत होती, हे मला दिसत होतं. मधेच पिशवीत काहीतरी पडलं, आणि आईनं मान वर केली.

"काय घेतलं व?"

ताईला ते ऐकू गेलं नाही. आई पुन्हा ऐकत राहिली.