सगळं बरं, देवाची कृपा

एदिलेउझाच्या पायातली चप्पल निघून मागे राहायची आणि बाईला पत्ताच नसायचा. एक पाय चपलेत, दुसरा तापलेल्या डांबरावर, अशी ती झाडत पुढे जायची. मागून मी ओरडायची, "अगं महाराणी, चप्पल राहिली बघ!" ती खाली पायाकडे बघायची आणि हसायची. त्यात हसण्यासारखं काही नव्हतं.

ब्राझीलच्या बाहिया प्रांतातल्या आमच्या गावात आम्ही दोघी ठेकेदाराकडे रस्ते झाडायचो. बाजाराची चढण आमच्या वाट्याला होती. मी, नाल्वा, तोंडाची फटकळ. ती मात्र मरून जाईल पण दुखतंय म्हणणार नाही. तक्रार तिच्या रक्तातच नव्हती. रक्तात होती ती साखर. साखरेने आधी तिची बोटं बधिर केली, मग तळवे. कंपनीचे बूट सुजल्या पायांत शिरेनात, म्हणून चपला. पावलं पुढून उचलली जात नव्हती, म्हणून ती गुडघे उंच उचलून चालायची आणि पाऊल फटकन जमिनीवर आपटायचं. दिवसा ज्या पायांना काही कळत नव्हतं, त्यांचीच रात्री मिरच्या चोळल्यासारखी आग व्हायची.

जूनमध्ये सां जुआंवचा सण असतो. दारोदार लाकडं रचून पेटवतात, मका भाजतात, जेनिपापोच्या फळांची दारू पितात, आणि दुसऱ्या दिवशी ती राख आमच्या नशिबी येते. आम्ही राख लोटत होतो. कालची दारू किती कडक होती ते एदिलेउझा रंगवून सांगत होती. मला भाजल्याचा वास आला. वाटलं, कुणी उरलेलं मांस गरम करतंय. मग तिच्या टाचेपाशी धूर दिसला. चप्पल आणि तळव्याच्या मध्ये जिवंत निखारा होता आणि ती बोलतच होती.

आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं. "पायाच्या नसा गेल्यात. जखम भरेपर्यंत या पायावर उभं राहायचं नाही. राहिलीस तर पाय जाईल."

झाडूवालीने उभं राहायचं नाही म्हणजे आजारपणाची पेन्शन मिळवायची. दुसरा रस्ताच नव्हता. आमच्याकडे अशा पेन्शनवर बसलेल्याला 'टेकलेला' म्हणतात, सरकारच्या भिंतीला पाठ लावून बसलेला. शिवीच ती. एदिलेउझाने स्वतः ती कितीजणांना हासडली होती.

"मी टेकू? लोक काय म्हणतील?"

"म्हणतील, बाईचा पाय शाबूत आहे," मी म्हटलं.

पेन्शनसाठी सरकारी डॉक्टर तपासतात; त्या तपासणीच्या आधी मी तिला पढवलं. "झाडायचे कपडे घाल. केस विंचरू नकोस. काठी घे आणि दारातूनच कण्हायला लाग."

"मी काय नाटकवाली आहे?"

"खरंच दुखतंय ना? मग नाटक कसलं, भवाने!"

त्या दिवशी बाई उगवली ती इस्त्रीचा पिवळा झगा घालून. ओठांना लाली. पट्टी बांधलेल्या पायावर बहिणीचे बंद बूट कोंबलेले. काठी घरी. मला रडावं की मारावं कळेना.

"गरिबाने डॉक्टरपुढे गबाळं जाऊ नये," ती म्हणाली. "आईने शिकवलंय."

कचेरीत बसायला जागा नव्हती. मी म्हटलं, निदान भिंतीला तरी टेक. तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी तिला ती शिवीच हासडली होती. ती ताठ उभी राहिली, बूट भरून रक्त येईपर्यंत.

आत काय झालं ते तिनेच बाहेर येऊन सांगितलं. डॉक्टरांनी संगणकावरून मान वर केली नाही. टाइप करता करता विचारलं, "सगळं बरं?"

आता आमच्यात कुणी असं विचारलं की उत्तर एकच असतं. शेजारी नवऱ्याचं प्रेत असलं तरी आमची बाई तेच उत्तर देते. तोंड आपोआप चालतं. एदिलेउझा म्हणाली, "सगळं बरं, देवाची कृपा. आपलं कसं काय?"

डॉक्टरांनी ते टाइप केलं. मग विचारलं, "आलात कशा?" ती म्हणाली, "बसने, आणि थांब्यापासून चालत." वाटेत ती दर झाडाखाली थांबली होती, ते त्यांनी विचारलं नाही आणि हिने सांगितलं नाही.

निकाल आला. कामास सक्षम. अर्जदार स्वतः प्रकृती बरी असल्याचे सांगते.

मी शिव्या घातल्या. डॉक्टरला, सरकारला, आणि सगळ्यात जास्त तिला. "जीभ झडली होती का तुझी?" ती म्हणाली, "अगं, माणसाने विचारलं तर काय तोंडावर दुःख फेकायचं?" आम्ही फेरतपासणी मागितली. ती कधी लागेल ते कुणी सांगेना, आणि पोटाला तर रोज लागतं. एदिलेउझा झाडूवर परतली. चढण मी घेतली, सपाट रस्ता तिला दिला. तेवढ्याने काय होणार? जखम काळी पडली. फेब्रुवारीतल्या कार्निव्हलच्या आधी पाय गुडघ्याखाली कापला.

मग फेरतपासणीची तारीख आली. मी चाकाच्या खुर्चीतून तिला नेलं. या खेपेला मी काही पढवलं नव्हतं. तीच आठवडाभर अंथरुणात घोकत होती. विचारलं की 'बरी नाही' म्हणायचं. मग आग सांगायची, मग बधिरपणा, मग निखारा. एकही गाळायचं नाही.

डॉक्टर दुसरेच होते, कोवळे. त्यांनी खुर्चीकडे पाहिलं, दुमडून पिन लावलेला झगा पाहिला आणि शिक्का मारला. "झालं. मंजूर. या आता."

एदिलेउझा हलेना. "डॉक्टर, तुम्ही काही विचारलं नाहीत."

"गरज नाही, मावशी. दिसतंय ना."

बाहेर थांब्यावर तिने खुर्ची माझ्याकडे वळवली. मग म्हणाली, "नाल्वा, तू तरी विचार."

मी विचारलं, "कशी आहेस गं?"

"बरी नाही," ती म्हणाली, आणि बोलत सुटली. आग, बधिरपणा, निखारा, डॉक्टरपुढे बुटात साचलेलं रक्त, सगळं, क्रमाने. आमची बस आली आणि गेली. मी हात केला नाही. शेवटी तिने झग्याच्या रिकाम्या घडीवर हात ठेवला.

"आणि हा कापलेला आहे ना," ती म्हणाली, "हा अजून जळतो गं."