संडासाच्या दारावरचा तक्ता

दौलतरावांच्या पायाला भिंगरी आहे, हे ताथवड्यातल्या त्यांच्या सोसायटीत वॉचमनपासून सगळ्यांना ठाऊक आहे. चाकणच्या कंपनीत सव्वीस वर्षं माल तपासायचं काम केलं, रिटायर होऊन दोन वर्षं झाली, तरी गड्याचं तपासणं थांबेना. भाजीवाल्याचा काटा तपासतील, लिफ्टचं दार किती सेकंदांत मिटतं ते तपासतील. जित्याची खोड, दुसरं काय. पण माणूस वाईट नाही, एवढं ध्यानात ठेवा, कारण पुढं त्यांचा राग येईल. यायलाच पाहिजे.

मार्चमध्ये सोसायटीचं पाणी सकाळी एका तासावर आलं. बाकी सगळी मदार टँकरवर. दौलतराव मूळचे बीडकडचे, आष्टी तालुक्यातले. टँकरमागं घागर घेऊन पळण्यात त्यांचं अर्धं बालपण गेलेलं, त्यामुळं टँकर दिसला की अजून त्यांचा हात आधी बादलीकडं जातो. त्यांनी लिटरच्या दोन बाटल्या पाण्यानं भरून, बुचं घट्ट लावून संडासाच्या टाकीत उभ्या केल्या, म्हणजे दर खेपेला दोन लिटर वाचले. इथवर ठीक. पण एवढ्यावर थांबतील तर ते दौलतराव कसले? कंपनीत मशीनला लावतात तसा एक तक्ता त्यांनी आखला आणि संडासाच्या दाराला आतून चिकटवला. चार माणसं, चार रकाने: ते स्वतः, बायको मंजुळाबाई, मुलगा समाधान, सून दिव्या. बटण दाबलं की आपल्या रकान्यात एक रेघ मारायची. शेजारी दोरीला पेनही बांधून ठेवलं.

समाधाननं पहिल्याच दिवशी आठवडाभराच्या रेघा एकदम ओढून टाकल्या. दिव्यानं दोन दिवस पाळलं. इमानेइतबारे रेघा मारल्या त्या एकट्या मंजुळाबाईंनी. सुरुवातीला रोजच्या आठ, मग सहा, मग चार. एप्रिल संपताना तीन. दौलतराव खूश. त्यांनी बायकोच्या रकान्याखाली लाल शाईनं 'छान' लिहिलं आणि जेवताना पोराला ऐकवलं, "आईकडून शीक जरा." मंजुळाबाई खाली मान घालून भाकरी मोडत राहिल्या.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात त्यांना थंडी वाजून ताप भरला. दवाखान्यात दोन दिवस सलाइन. लघवीच्या मार्गात इन्फेक्शन, किडनीपर्यंत जायच्या बेतात होतं, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. पुन्हा असं झालं तर महागात पडेल, दिवसाला अडीच-तीन लिटर पाणी पोटात गेलंच पाहिजे. "आत्तापर्यंत किती पीत होता?" त्यांनी विचारलं. मंजुळाबाईंनी चादर गळ्यापर्यंत ओढून घेतली.

उत्तर दिव्यानं दिलं, बाहेर व्हरांड्यात, सासऱ्याच्या नजरेला नजर न देता. "बाबा, रागावू नका. आई पाणीच पीत नाहीत. तुम्ही टाकीत बाटल्या ठेवल्यापासून एकदा दाबून काही जात नाही. दोनदा दाबलं की दोन रेघा. आणि तो कागद घरी येणारा-जाणारा प्रत्येक जण वाचतो. त्यांना लाज वाटते हो. म्हणून त्यांनी पिणंच सोडलं."

दौलतराव कपडे आणायचं निमित्त करून घरी आले आणि तक्ता फाडायला गेले. हात आधी त्या लाल 'छान'वर पडला. बायको तिकडं तहानेनं सुकत होती आणि आपण शेरा मारत होतो. आपल्याच थोबाडीत द्यावीशी वाटली त्यांना. कागद निघाला, पण चिकटपट्टीचे चार डाग दारावर राहिले ते राहिलेच.

बाटल्याही त्यांनी काढल्या आणि वाटलं, प्रश्न मिटला. मंजुळाबाई घरी आल्या. उशाशी तांब्या-भांडं ठेवलं. संध्याकाळी बघतात तर तांब्या भरलेलाच.

"अगं, पी की पाणी. बाटल्या काढल्यात मी. आता एकदाच दाबलं की भागतं."

"दाबलं की किती जातं?"

दौलतरावांना खोटं बोलता येत नाही. "दहा लिटर."

"म्हंजी घागर झाली की," मंजुळाबाई म्हणाल्या. "एवढ्याशा कामाला भरली घागर ओतायची? टँकरच्या दिवसांत? माझ्यानं न्हाई व्हायचं." मग म्हणाल्या, "मला रोखून धरायची सवय हाय. माहेरी उजाडायच्या आत रानात जायचं, मग अंधार पडस्तोवर पाणीच प्यायचं न्हाई. आमी सगळ्या पोरी तशाच वाढलो."

छत्तीस वर्षांच्या संसारात हे दौलतरावांना आज कळत होतं. सगळ्या जगाचं माप घेणाऱ्या या माणसानं घरात एकदाही साधी चौकशी केली नव्हती. त्या रात्री त्यांना झोप लागली नाही. घोडं पेंड खात होतं ते इथं: जुना कमोड काढून नवा बसवायचा, तर तो कमी पाण्याचा पाहिजे, नाहीतर ही बाई तो वापरायची नाही. आणि एका दाबण्यात सगळं नेणारा पाहिजे, नाहीतर पुन्हा ये रे माझ्या मागल्या.

दुसऱ्या दिवसापासून दुकानांच्या फेऱ्या सुरू झाल्या. वाकड झालं, काळेवाडी झाली, चिंचवड झालं. जिथं तिथं चकचकीत भांडी आणि त्यांवर पाणी बचतीचे स्टिकर. दौलतराव विचारत, "पाणी सोडून दाखवता का?" विक्रेते हसत. "काका, शोरूममध्ये पाइप जोडलेला नसतो. कंपनीची गॅरंटी आहे ना." गॅरंटी! दौलतरावांनी सव्वीस वर्षं गॅरंटीवाला माल डोळ्यांदेखत परत पाठवलेला. घरी येऊन तांब्यात डोकवायचं, तो भरलेला दिसायचा, की पुन्हा चपला घालून बाहेर. डॉक्टरीणबाईंचं 'महागात पडेल' काही डोक्यातून जात नव्हतं.

चौथ्या दिवशी थेरगावात डांगे चौकाजवळ बबनरावांचं दुकान सापडलं. बबनराव थेरगावचेच, जुन्या घरातले. दुकानामागं भाडेकरूंसाठी तीन मजले चढवलेले.

"पाणी सोडून बघायचंय व्हय?" बबनरावांनी मिशीवरून हात फिरवला. "मग मागं चला. दुकानात उरलेला एकेक नग आमी भाडेकरूंच्या संडासात बसवलाय. तीन मजले, तीन तऱ्हा. काय तपासायचं ते तपासा. आमाला बी कळंल."

दौलतराव दुसऱ्या दिवशी सकाळी पिशवी घेऊन हजर. पिशवीत गव्हाचा कोंडा भिजवून वळलेले गोळे, प्रत्येक पन्नास ग्रॅमचा, घरच्या काट्यावर तोललेला. शिवाय एक लहान रबरी चेंडू आणि लिटरचं माप. एका खेपेला सात गोळे टाकायचे आणि एकदाच दाबायचं. टाकीचा नळ आधीच बंद ठेवायचा आणि रिकामी झालेली टाकी मापानं भरून बघायचं की पाणी नेमकं किती गेलं. चेंडू कशाला, तर आतली वाट किती रुंद आहे ते कळायला.

पहिल्या मजल्यावरचा तीन लिटरचा. पाणी नुसतं फिरलं, पाच गोळे जागच्या जागी. दुसऱ्या मजल्यावर सगळं गेलं, पण मापानं आठ लिटर निघाले. तिसऱ्या मजल्यावर दोन बटणांचा होता. उताराला सरळ खोल, वरच्या कडेखालून पाणी चहूबाजूंनी एकदम कोसळणारा. मोठं बटण दाबलं, सातही गोळे गेले. पाणी साडेचार लिटर. चेंडूही अडकला नाही. लघवीपुरतं छोटं बटण, त्याला अडीच. दौलतरावांना तिथंच 'पास' म्हणावंसं वाटलं. पण एका चाचणीवर माल पास करायचा नाही, ही कंपनीतली शिकवण. त्यांनी पुन्हा गोळे टाकले. पुन्हा. पुन्हा. पुन्हा.

बाहेर त्या खोलीतल्या भाडेकरू दुर्गाबाई केव्हाच्या ताटकळत उभ्या. "झालं का हो तुमचं? मला जायचंय आत."

दौलतराव बाहेर आले. चेहरा लाल झालेला, तरी धीर करून त्यांनी विचारलं, "ताई, एकदाच दाबता की दोनदा?"

"असं विचारतं का कुणी बाईमाणसाला?" दुर्गाबाईंनी डोळे वटारले. पण समोरच्या माणसाच्या तोंडावर चेष्टा नव्हती, काळजी होती. "एकदाच," त्या हलक्या आवाजात म्हणाल्या. "आणि बसायला उंच आहे, गुडघ्याला बरं पडतं. सरका आता."

तीन शोरूम आणि पाच दिवस गेल्यावर दौलतरावांना हवं ते एका शब्दात मिळालं होतं. बबनरावांना त्यांनी तसलाच नवा नग काढायला सांगितला. भिंतीपासून पाइपापर्यंतचं अंतर त्यांनी आधीच तीनदा मोजून ठेवलेलं.

प्लंबर गेला त्या संध्याकाळी मंजुळाबाई पहिल्यांदा आत गेल्या. दौलतराव पॅसेजमध्ये येरझाऱ्या घालत होते. इकडून तिकडं सहा पावलं, तिकडून इकडं सहा. आतून पाण्याचा आवाज आला, थोडकाच. ते थांबले. आता दुसऱ्यांदा येईल म्हणून कान देऊन उभे राहिले. आला नाही.

दार उघडलं. "छोटं की मोठं?" त्यांच्या तोंडून निघून गेलं आणि त्यांनी जीभ चावली.

मंजुळाबाईंनी मागं वळून दारावरच्या चिकटपट्टीच्या चार डागांकडे बघितलं, मग नवऱ्याकडं. "आता ते बी लिवून ठेवता का?"

"नाही गं. चुकलं माझं. तेव्हाही, आत्ताही." छत्तीस वर्षांत हे वाक्य त्यांनी पहिल्यांदाच म्हटलं.

मंजुळाबाई सावकाश पलंगावर येऊन बसल्या. दौलतरावांनी तांब्यातलं पाणी भांड्यात ओतून पुढं धरलं. त्यांनी ते दोन्ही हातांत घेतलं आणि गटागटा, मधे श्वासही न घेता संपवलं. किती महिन्यांची तहान होती कुणास ठाऊक. रिकामं भांडं त्यांनी तसंच पुढं केलं.

"अजून द्या," त्या म्हणाल्या. "आणि मी आत गेले की भाईर उभं राहू नका."