डोंगराच्या पायथ्याची माणसं

आमच्या गावच्या सभागृह समितीनं भाऊराव पेंटरांना फसवलं. मागून बोलतो असं कुणी म्हणू नये. मी समितीच्या तोंडावरही हेच बोललो आहे.

महिन्यापूर्वी भाऊराव गेल्याचा फोन आला तेव्हा मी मलकापुरात ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचा भाव तोडत होतो. समोरचा नरमला होता. तरी माल तिथंच टाकून निघालो... असं मी कधी करत नाही.

भाऊरावांनी आयुष्यभर नाटकांचे पडदे रंगवले. शेवटचा आमच्या सभागृहासाठी. उघडं वाळवंट, मागे डोंगर, पायथ्याशी उंटांचा काफिला. डोंगर त्यांनी रुंद ब्रशनं झपाट्यानं उभे केले, पण बारीक कामाला हात थरथरू लागला. मी तिथं गप्पा मारायला जाऊन बसे. एका दुपारी त्यांनी बारीक ब्रश माझ्याच हातात दिला.

माझा पहिला माणूस वीतभर झाला. डोळे, मिशा, पागोटं, काही सोडलं नाही. भाऊराव शेवटच्या रांगेत जाऊन बसले आणि तिथून ओरडले, "काऊन बे, हा तर डोंगर काखेत मारून नेईन ना! पूस त्याले."

"अन् एवढी जागा रिकामी ठेवू?"

"ठेव. वाळवंट हाय ते, तुह्यं दुकान नाही."

वाळवंट आम्ही दोघांनीही पाहिलेलं नव्हतं. भर उन्हाळ्यात ते मला बुलढाण्याच्या घाटात घेऊन गेले. जवळचा डोंगर करपलेला, लांबचा फिकट निळा. खाली एक गुराखी चालला होता.

"तोंड दिसते काय त्याचं?"

"नाही. पण म्हातारा हाय."

"कसं समजलं तुले?"

चालीवरून. दुकान टाकण्याआधी मी बैलबाजारात दलाली केली आहे. चाल पाहूनच जनावराची किंमत करायचो. परत येऊन मी ब्रशच्या दोन फटकाऱ्यांत एक वाकलेला माणूस काढला, तोंडाशिवाय. शेवटच्या रांगेतून आवाज आला, "हाव! आता चालून राह्यला तो."

त्यांनी समितीकडे एकच गोष्ट मागितली होती, कोपऱ्यात आपलं नाव. आधीचे सगळे पडदे बिननावाचेच फाटले होते. बोलणी मी केली. अध्यक्ष म्हणाले, "पेंटरचं नाव कोण वाचते हो, शेठ?" म्हटलं, "कोणी वाचतच नाही, तर राहू द्या ना मंग!" ते हसले आणि माझ्या हातावर टाळी दिली. आमच्या बाजारात टाळी पडली की सौदा पक्का. वर कागद मागणं म्हणजे शिवी दिल्यासारखं.

भाऊरावांनी स्वतः, थरथरत्या हातानं, नाव लिहिलं. ते गेल्यावर पंधरवड्यानं उद्घाटन झालं. पडदा उघडला, टाळ्या पडल्या. कोपऱ्यात नावावर पिवळा रंग फासलेला, त्यावर देणगीदाराचं नाव. तो पिवळाही चुकलेला. तेवढीच वाळू सारवलेल्या भिंतीसारखी दिसते. मी उभा राहून ओरडलो, तर मलाच खाली बसवलं.

आजही दुपारी मी तिथं जाऊन शेवटच्या रांगेत बसतो. तिथून डोंगर खरंच कोसभर लांब वाटतात आणि माणसं चालतात. ही नजर भाऊरावांनी दिली, ती कुणाच्या बापाला पुसता येणार नाही. पण नाव पुसलं.

अध्यक्षसाहेब, मला उत्तर नको. उद्घाटनाला भाऊरावांच्या पत्नी शांताबाई माझ्या शेजारी बसल्या होत्या. चष्मा पुसून पुसून त्या पडदा पाहत होत्या. त्यांनी विचारलं, "कुठं हाय हो यांचं नाव?" मला सांगता आलं नाही. टाळी तुमच्या हाताची होती. त्यांच्या घरी जा, आणि तुम्ही सांगा.