व्याह्यांना कोल्हापूर दाखवताना

तुमच्या आई-बाबांचं लग्न ठरलं त्या हिवाळ्यात तिकडचे, म्हणजे इंग्लंडचे, आजी-आजोबा पहिल्यांदा कोल्हापूरला आले. तुमच्या आईचे आई-वडील, म्हणजे माझे व्याही आणि विहीणबाई. हे लिहितेय ते तुमचे बाबा तुम्हाला वाचून दाखवतील. त्यांनी मधलं काही गाळू नये.

येण्याआधी व्याह्यांचं पत्र आलं होतं. ते राहतात ते शहर जुनं आणि विद्यापीठाचं, आपलंही तसंच, म्हणून त्यांना तीन गोष्टी पाहायच्या होत्या: जुन्या वास्तू, बागा, आणि गावातली माणसं संध्याकाळी जिथे बसतात असा एखादा पब. पहिल्या दोन गोष्टींचं मी वेळापत्रक केलं. तिसऱ्यापुढे प्रश्नचिन्ह काढलं. इंग्रजी घेऊन मी बी.ए. झाले, त्यामुळे पब मला पुस्तकातून माहीत होता. तिथे शेकोटी असते, दाराशी घोडे बांधलेले असतात, आणि मालकीणबाई सगळ्यांना दरडावतात. कोल्हापुरात यातलं काय दाखवायचं? आपल्याकडे होत्या परमिट रूम, आणि आपल्या घरातलं कोणी तिकडे फिरकलेलं नव्हतं.

"बिद्रीच्या साखर कारखान्यात जन्म गेला माझा, पण त्या दारात कधी पाय ठेवला न्हाय," तुमचे इथले आजोबा म्हणाले. "आता म्हातारपणी व्याह्याला घिऊन जाऊ?"

"त्यांनी लिहून कळवलंय," मी म्हटलं.

"मग तू ने. इंग्रजी तुझं चांगलं हाय."

माझ्या मनात वेगळंच होतं, ते सांगून टाकते. लग्न इथे कोल्हापुरात व्हावं अशी माझी फार इच्छा होती. एकुलता एक मुलगा, सगळं गणगोत इथलं. पण लग्न मुलीकडच्यांनी मांडायचं आणि मुलाकडच्यांनी बोलावल्यावर जायचं, ही आपली रीत. 'आमच्या गावात करा' असं आपण होऊन म्हणणं मला हावरेपणाचं वाटत होतं. गाव पाहून त्यांनाच सुचेल, म्हणून मी सहलीचा रस्ता असा आखला की रोज एखाद्या मंगल कार्यालयावरून रिक्षा जाईल.

पहिल्या दिवशी अंबाबाईचं देऊळ आणि भवानी मंडप झाला. बाहेर पडताना एक वरात आडवी आली. बँडवाले अगदी जीव तोडून वाजवत होते. व्याही थांबले, पूर्ण ऐकलं आणि म्हणाले, "फारच रंजक." हे कौतुक की तक्रार, मला उलगडेना. इंग्रजी कितीही शिका, इंग्रज माणसाला काय आवडलं ते कळत नाही. आपल्याकडे माणूस सरळ सांगतो, झ्याक हाय नाहीतर भिकार हाय.

दुसऱ्या दिवशी सकाळी टाऊन हॉलची बाग. तिथे दोघं एकेका झाडापाशी पाच पाच मिनिटं उभे. संध्याकाळी रंकाळा. पाण्याच्या कडेनं चालताना मी म्हटलं, "इथे लग्नानंतर फोटो काढायला जोडपी येतात." विहीणबाई म्हणाल्या, "हो का?" आणि लगेच विचारलं, "वयस्कर लोकांना इथवर चालत यायला जमतं का?" देवळाच्या पायऱ्यांपाशीही त्यांनी हेच विचारलं होतं. तिसऱ्या दिवशी पन्हाळ्यावर सज्जा कोठीचे जिने चढतानाही तेच. त्या स्वतः तर माझ्यापुढे भराभरा चढत होत्या. मला वाटलं, गुडघे दुखत असतील आणि सांगायला लाजत असतील. मी रात्री गरम तेलाची वाटी त्यांच्या खोलीत ठेवली. सकाळी ती तशीच होती, शेजारी आभाराची चिठ्ठी.

चौथ्या दिवशी पब. त्यातल्या त्यात सभ्य म्हणून दुपारचे चार ठरवले. 'फॅमिली रूम' अशी पाटी असलेली परमिट रूम आजोबांनी शोधली. दारात खांद्यावर टॉवेल टाकलेला पोक्त वेटर उभा होता. माझ्याकडे बघून म्हणाला, "बाई, दार चुकलासा काय? खाणावळ पलीकडं हाय."

"नाही. इथेच यायचंय," मी म्हटलं.

त्यानं आम्हाला मागे नेलं. प्लायवूडच्या भिंती, भरदिवसा ट्यूबलाइट, दाराला पडदा, आणि आमच्याशिवाय कोणी नाही. व्याह्यांना बसलेली माणसं बघायची होती आणि मी त्यांना पडद्यामागे आणून बसवलं होतं. व्याह्यांनी आणि विहीणबाईंनी बिअर मागवली, आम्ही लिंबू सोडा. वेटरनं एक ग्लास व्याह्यांपुढे ठेवला, दुसरा सरळ आजोबांपुढे आणि सोडा विहीणबाईंना. आजोबांनी तो ग्लास इस्त्रीला हात लागावा तसा दूर ढकलला.

"पावणं कुठलं?" वेटरनं विचारलं.

"विलायतेचं," आजोबा म्हणाले.

"कशापायी आल्यात?"

"सोयरिक हाय. ह्यांची लेक आमच्या घरात येणार."

"व्हय? मग लगीन हितंच की! हॉल धरला न्हवं?"

चार दिवस जे माझ्या ओठांवर येऊन परत फिरत होतं, ते ह्यानं टॉवेलनं टेबल पुसता पुसता विचारलं. विहीणबाई माझ्याकडे वळल्या. "काय म्हणतायत ते?"

"शेंगदाणे आणू का विचारतायत," मी म्हटलं.

"शेंगदाणं?" आजोबा म्हणाले. तेवढं इंग्रजी त्यांना येत होतं. "अगं, लग्नाचं इचारलं की त्यानं!" आणि व्याह्यांकडे वळून जमेल तसं म्हणाले, "मॅरेज. हिअर? ही आस्किंग."

दोघं एकमेकांकडे पाहू लागले. विहीणबाईंनी ग्लास खाली ठेवला. मग हळूहळू सांगितलं. त्यांची आई नव्वदीला आलेली, त्यांच्या घराजवळच्या वृद्धाश्रमात. विहीणबाई नोकरीला जात तेव्हा तुमच्या आईला तिनंच वाढवलं. इतका प्रवास तिला झेपणार नाही, तरी कुठे जमेल का, म्हणून त्या जागोजागी विचारून बघत होत्या. "तुमच्याकडे मुलाच्या आईचा शब्द शेवटचा असतो असं वाचलंय," त्या म्हणाल्या. "चार दिवस तुमच्या चेहऱ्याकडे बघतेय. काहीच कळत नाही."

माझ्या चेहऱ्याचं! आणि मी त्यांच्या चेहऱ्यावर काय आहे ते शोधत होते.

त्या क्षणी मी 'इथेच' म्हटलं असतं तर त्यांनी मान्य केलं असतं, हे मला स्पष्ट दिसत होतं. डोळ्यांपुढे मांडव आला, गारगोटीची नणंद आली, उचगावच्या माझ्या बहिणी आल्या. तोंड उघडलं तेव्हा नक्की काय बाहेर पडणार हे मलाच ठाऊक नव्हतं.

वेटर अजून उभाच. "मग काय ठरलं म्हणायचं?"

"तिकडे," मी म्हटलं. "त्यांची आई थकलीय. तिला येता येणार नाही."

"मग बरोबर हाय," तो म्हणाला. "म्हातारं माणूस मागं ठिवून कुठं लगीन असतंय व्हय?" आणि खरोखरच शेंगदाणे आणायला गेला.

माझं उत्तर आणि त्याचं वाक्य मी विहीणबाईंना शब्दशः सांगितलं. त्यांनी टेबलावर माझा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. ते 'तिकडे' मी मनापासून म्हटलं की धक्क्यात निसटलं, हे मला आजही सांगता येणार नाही. आनंद झाला म्हणावं तर डोळ्यांपुढचा मांडव अजून हलत नव्हता. रडू आलं म्हणावं तर आजोबा घाईघाईनं शेंगदाणे खाताना पाहून हसू येत होतं.

परत येताना रिक्षात मी त्यांना विचारलं, "एप्रिलमध्ये लग्नाला तुमच्याकडे थंडीसाठी साडीच्या आत काय घालावं?"

विहीणबाईंनी बराच विचार केला आणि म्हणाल्या, "असेल नसेल ते सगळं."